डाऊनची दुसरी बाजू

कॅसेटची डबी उघडली की अजून केळीच्या चिकाचा वास येतो. खरं तर येत नसणार. इतक्या वर्षांत प्लास्टिकचाच वास विरून गेला, तर चिकाचा कुठून राहणार? पण वेष्टनाचे कागद दुमडायला आमच्या बँडमधला वसंता माझ्या शेजारी बसला होता, आणि त्याच्या हातांना तो वास बारमाही असायचा. म्हणून नाक आपलं तो शोधून काढतं.

डबी जोडकॅसेटची आहे. एकीवर ‘अप’ लिहिलंय, दुसरीवर ‘डाऊन’. वेष्टनावर तापीच्या पुलाचा फोटो, तोही हललेला. त्यावर आमच्या बँडचं नाव, ‘सायडिंग’. पहाटेपासून ही डबी माझ्याबरोबर या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. टेबलावर ठेवली की वाटतं कपाटात बरी. कपाटात ठेवली की पुन्हा काढून बघावीशी वाटते. जळगावात उन्हं अजून वर यायची आहेत, आणि माझा दोनदा चहा करून, दोनदा तो सांडून झाला आहे.

पुण्याची ईशा नावाची मुलगी ही जोडकॅसेट आता मोठ्या काळ्या तबकड्यांवर काढते आहे. लोकांनी विसरलेली रेकॉर्डिंग शोधायची आणि पुन्हा छापायची, हा तिचा आणि तिच्या मित्रांचा उद्योग. आमची एक प्रत तिला जुन्या बाजारात मिक्सरच्या भांड्यांखाली सापडली म्हणे. ‘काका, त्या काळात खानदेशात कुणी असं वाजवत होतं, यावर इथे कुणाचा विश्वासच बसत नाहीये,’ ती पहिल्याच फोनवर म्हणाली. मला बरं वाटलं. मग तिने विचारलं, ‘पण ‘डाऊन’वर प्रत्येकाने एकट्याने वाजवलंय, मग तिथे चौघांऐवजी तिघांचंच वादन कसं? ड्रमरचा भाग कुठे आहे?’

‘त्याने दिलाच नाही,’ मी म्हणालो.

रस्त्यात कुणी वेळ विचारावी आणि आपण सांगावी, तसं म्हणालो. गेल्या आठवड्यात तिने नव्या वेष्टनाचा मजकूर तपासायला पाठवला. त्यात ते वाक्य होतं. बँडचा ड्रमर भिका याने आपला भाग दिलाच नाही, त्यामुळे ती अर्धी बाजूही गिटारवादकाने, म्हणजे मी, भरून काढली. छापील अक्षरांत, काळ्यावर पांढरं. सोमवारी ते छपाईला जाणार होतं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

लहानपणी भुसावळच्या दुपारीही मला असंच बसवत नसे. रेल्वे कॉलनीत सगळे झोपलेले असायचे, वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची पूड बसत असायची, आणि यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांना धडकायचे. तो आवाज एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायचा. मग क्षणभर सगळं शांत. मग पुन्हा. मी उशीत तोंड खुपसून तो आवाज कुठवर जातो ते ऐकत राहायचो. चिंचेखाली पानवाल्याचा रेडिओ, दूर कुठेतरी इंजिनाची वाफ सुटल्याचा सुस्कारा, आईने भिजवलेल्या वाळ्याच्या पडद्याचा गार वास. उन्हाळा म्हणजे हे सगळं एकत्र.

शेजारच्या क्वार्टरमधलं इंजिन ड्रायव्हरचं कुटुंब एका उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाला निघून गेलं. जाताना त्यांच्या थोरल्याने आपली इलेक्ट्रिक गिटार मला दिली. तिच्या पेटीला डोक्याच्या तेलाचा आणि सिगारेटच्या तंबाखूचा वास होता. तो जाऊ नये म्हणून मी पेटी कितीतरी दिवस उन्हात ठेवली नाही.

दिनू गार्डसाहेबांचा मुलगा. रेल्वेच्या हॉलमधला धूळ खात पडलेला ऑर्गन त्याने उघडून, पुसून, वाजता केला. वसंता सावद्याच्या केळीवाल्यांच्या घरातला. तो बेस गिटार वाजवायचा. त्याच्या प्रत्येक शर्टावर चिकाचे काळपट डाग होते आणि त्याला त्याचं काहीच वाटायचं नाही. आम्ही तिघं हॉलमध्ये दार लावून वाजवत बसायचो. सूर धरून ठेवायचा, तो किती वेळ टिकतो ते बघायचं, मग त्यात यार्डातल्या धडका मिसळू द्यायच्या. याला काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. दिनूने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की याला प्रायोगिक रॉक म्हणतात. मग आम्हीही तसंच म्हणू लागलो.

एके दिवशी दार ढकलून एकजण आत आला. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, गळ्यात साइड ड्रम. धुळ्याचा लग्नाचा बँड त्या दिवशी भुसावळला आला होता आणि वरातीला अजून अवकाश होता. तो बराच वेळ भिंतीला टेकून ऐकत राहिला.

‘हाई काय शे?’ त्याने विचारलं.

‘रॉक,’ दिनू म्हणाला.

‘कोण नाचस याना वर?’

‘कुणी नाही.’

‘तरी म्हटलं,’ असं म्हणत त्याने ड्रम मांडीवर घेतला आणि दिनूच्या लांबलेल्या सुराखाली काडीने हळूहळू काहीतरी विणायला सुरुवात केली. हा भिका. त्याच्या वडिलांचाच बँड होता, तो त्यांना आबा म्हणायचा, बाकी सगळे मास्तर. त्या दिवसापासून तो जमेल तेव्हा धुळ्याहून एसटीने यायचा, ड्रम टपावर बांधून. मला टेलिफोन खात्यात नोकरी लागल्यावर त्यानेच माझं नाव ‘तार’ ठेवलं. बाकीचेही मग मला तार म्हणू लागले.

‘अप’ या कॅसेटवर आहे ते सगळं लोकांसमोर वाजवलेलं. लोक म्हणजे कोण, तर रेल्वेच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला आलेली मंडळी आणि धुळ्याच्या गणपतीच्या मांडवातला जमाव. मांडवात आम्ही एकच तुकडा इतका वेळ वाजवला की दिनूचा ऑर्गन हाताला चटके देऊ लागला. आम्ही थांबलो. टाळी नाही, काही नाही. पहिल्या रांगेतला एक म्हातारा अगदी आस्थेने म्हणाला, ‘भाऊ, टेस्टिंग व्हयी गयं ना? मंग आते कार्यक्रम सुरू करा.’ कॅसेटवर हे वाक्य आहे. त्यानंतरचं भिकाचं हसणंही आहे. ईशाला हाच भाग सगळ्यात आवडतो.

हिवाळ्यात वसंताच्या शेतावर भरताची पंगत असायची. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचल्याचा ठक् ठक् आवाज. भिका त्या ठेचण्यावर ताल धरायचा आणि ठेचणारा वैतागायचा. धूर केसांत, स्वेटरमध्ये, गिटारच्या पेटीत शिरायचा आणि आठवडाभर राहायचा. केळीच्या पानावरचं ते गरम भरीत, वर कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पुढे खूप ठिकाणी भरीत खाल्लं. पण तोंड भाजत असताना बोलण्याची ती घाई पुन्हा कुठे भेटली नाही.

एका लग्नसराईत भिकाकडचा बेंजोवाला आजारी पडला, म्हणून मी त्यांच्या वरातीत बेंजो वाजवायला गेलो. लाल कोट मला ढगळ होत होता, बाह्या बोटांवर यायच्या. पुढे पेटलेल्या बत्त्या, रॉकेलचा वास, अत्तराचा वास, घोड्याचा वास. एका वळणावर मास्तरांनी हात वर केला आणि सगळा बँड एकदम गप्प झाला. बाजूच्या घरात नुकतंच कुणी गेलं होतं. अशा घरावरून जाताना वाजवायचं नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मास्तरांच्या बँडची पद्धत वेगळी होती. क्लॅरिनेट ओठांवरच होते, त्यांत फुंकर नव्हती, पण बोटं भोकांवरून चालतच होती. ट्रम्पेटवाल्यांच्या कळा खाली-वर होत होत्या. भिका काडीने ड्रमच्या लाकडी काठावर अगदी हलकं टिक टिक करत होता. बाकी फक्त पावलं. घर मागे पडलं, आणि सगळेजण एकाच क्षणी गाण्याच्या मधल्याच ओळीत मोठ्याने शिरले. जणू तेवढा वेळ गाणं कुठे बोगद्यातून जाऊन आलं होतं. मी एकटा पहिल्या ओळीपासून सुरू झालो.

‘काय तार, तुटनी का?’ भिका चालता चालता ओरडला. मागचे ट्रम्पेटवाले हसले. पुढे पाणी प्यायला थांबलो तेव्हा तो माझ्या शेजारी येऊन बसला. ‘गाणं थांबस नही रे. आपला आवाज थांबस. मनमा चालू ठेवनं पडस.’

जोडकॅसेटची कल्पना दिनूची. ‘अप’वर चौघं मिळून, लोकांसमोर. ‘डाऊन’वर प्रत्येकाने एकट्याने वाजवायचं, प्रत्येकाला अर्धी बाजू. दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागायचा नाही, आणि काय करतो आहोत हे आधी कुणी कुणाला सांगायचंही नाही. त्या वर्षी आम्ही चौघंही जरा वेगळेच वागत होतो. भेटलो की दुसऱ्याच विषयांवर बोलायचो.

दिनूने ऑर्गनच्या सुराखाली यार्ड भरलं. वसंताने बेस घेऊन केळी पिकवायच्या बंद खोलीत रेकॉर्डिंग केलं. तिथे धुरी दिलेली असे, त्यामुळे मध्येच त्याचा खोकला येतो, आणि तो खोकला त्याने तसाच ठेवला. मी टेलिफोनच्या डायलचा परत फिरतानाचा आवाज आणि गिटार असं काहीसं जुळवलं. भिका धुळ्यातच होता. मास्तर वारले होते. आम्ही तिघं सांत्वनाला दारावर जाऊन आलो होतो. तो भिंतीशी टक्कल करून बसला होता आणि आम्ही आत गेल्यावर त्याने फक्त मान हलवली होती. नंतर काही दिवसांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती त्याची कॅसेट माझ्याकडे आली. सोबत निरोप काही नव्हता.

जळगावच्या एक्स्चेंजमध्ये माझी ड्यूटी स्विच-रूमला असायची. हल्लीच्या मुलांना ती खोली समजावून सांगणं अवघड आहे. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांवर ओळीने स्विच. गावात कुठेही कुणी नंबर फिरवला की इथे खटखट सुरू व्हायची. बाजार उघडायच्या वेळेला कापसाचे आणि केळीचे व्यापारी फोनवर असत, तेव्हा खोलीभर पावसासारखी खटखट चाले. तेलाचा, तापलेल्या तांब्याचा वास. रेकॉर्डर माझ्याकडे तिथेच असायचा. मी भिकाची कॅसेट त्या खोलीत लावली. कान लावला, आवाज वाढवला. काही नाही. थोडी पुढे सरकवली, पुन्हा ऐकली. काही नाही. स्विचची टिकटिक होती, ती तर रोजचीच.

कॅसेट रिकामी आहे असं समजून मी तिच्यावर माझं दुसरं वादन भरलं. इथवर ती चूक होती, आणि ती चूक माझ्याच हातून व्हायची होती. त्या खोलीत मी इतका मुरलो होतो की टिकटिक मला ऐकूच येत नसे.

पण संध्याकाळी रेकॉर्डर घरी आणून मी माझं वादन ऐकायला बसलो. गिटार संपली आणि कॅसेट चालूच राहिली. पुढे पावलं आली. धुळीतून चालणारी खूप पावलं. त्यांच्यावर काडीची टिक टिक, लाकडी काठावरची. मी उठून उभा राहिलो. आणि मग क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सगळे एकाच क्षणी मधल्या ओळीत शिरले. इतकं मोठं, इतकं सरळ काहीतरी त्या लहान यंत्रातून आलं की खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, ‘काय पडलं हो?’

त्या क्षणी आमच्या जोडकॅसेटवरची सगळ्यात चांगली गोष्ट मी ऐकली होती. मी पट्टी मागे नेली. माईकची वायर काढली, आणि तो तुकडाही पुसून टाकला.

हे मी का केलं ते लिहीत नाही. कारणं शोधायला बसलो की ती फार सुबक सापडतात. बोट आठवतं, रेकॉर्डरचं बटण किती घट्ट होतं ते आठवतं, आणि खिडकीबाहेर कुणीतरी फोडणी दिल्याचा वास आला होता तो आठवतो.

सुतकाचे दिवस संपल्यावर भिका जळगावला आला. बसस्टँडजवळ शेवभाजी खायला आम्ही चौघं बसलो. त्याचे केस नुकते फुटत होते. ‘ऐकी का मन्ही टेप?’ त्याने मला विचारलं. आवाज खाली होता, पण डोळे अगदी लहान मुलासारखे.

‘रिकामी होती, भिका,’ मी म्हणालो.

‘अरे, या सगळ्या गडबडीत त्याला कुठून जमणार?’ दिनू त्याला सावरायला म्हणाला. वसंता हसला. ‘बँडवाल्याने एकट्याने वाजवायचं तरी काय? मागे नवरदेव नको?’

भिकाने माझ्याकडे पाहिलं. तोंडातला घास संपवला. ‘बरं,’ म्हणाला. पुढे तो सरावाला आला नाही. ‘डाऊन’ची दुसरी बाजू पुरी माझी झाली, आणि काही वर्षं मला गावात लोक तिच्यामुळे ओळखत. दिनू गेला, वसंता त्याच्या केळीत गुंतला. स्विच-रूमच्या जागी आता एक कपाटाएवढं यंत्र आहे, त्याचा आवाजच होत नाही.

परवा मी धुळ्याला गेलो. ईशाला काही कळवलं नाही. आधी भिकाला सांगायचं आणि मग तिला, एवढं ठरवलं होतं. बसमध्ये खिडकी उघडली, लावली, जागा बदलली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. रस्ता इतका रुंद आणि सरळ झालाय की जुनी वळणं कुठे होती तेही कळत नाही. पूर्वी पारोळ्याच्या आसपास सरकीच्या पेंडीचा वास बसमध्ये यायचा. मी नाक काचेजवळ नेऊन बसलो होतो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘नाना, उलटी होतेय का? पिशवी देऊ?’

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे माणूस चुकत नाही. घर तेच, पण त्यावर तीन मजले चढलेले. खालच्या मोठ्या शेडमध्ये माणसापेक्षा उंच स्पीकर रचलेले, दारात दिव्यांनी मढवलेला ट्रक. आत खुर्चीवर भिका. पांढरेशुभ्र कपडे, बोटात ठसठशीत अंगठी, पोट सुटलेलं, केसांना काळाभोर रंग. दोन फोन समोर.

‘तार,’ तो म्हणाला. उठला नाही. ‘जिवत शे का तू?’

‘आहे.’

‘बस. देख, सारा बठ्ठा धंदा पोराने वाढाया. पार सुरतपर्यंत आमनी गाडी जास.’ मग आत ओरडून चहा सांगितला. ‘बिनसाखरेचा कर वं एक. हाऊ जुना माणूस शे, याले जप.’

मी बसलो. सून चहा ठेवून गेली. मी बशी हातात घेतली, खाली ठेवली, आणि म्हणालो, ‘भिका, तुझी टेप रिकामी नव्हती.’

त्याचा फोन वाजला. त्याने तो घेतला. तारीख विचारली, रस्ता किती रुंद आहे विचारलं, बँड आता मिळत नाही, डीजेच मिळेल, असं सांगितलं. मी मात्र पुढचं वाक्य तोंडात धरून बसलो होतो. त्याने फोन खाली ठेवल्यावर मी सगळं सांगितलं. स्विच-रूम सांगितली. घरी ऐकलेली पावलं सांगितली. बटण सांगितलं. ईशाला मी आत्ता, या वयात, पुन्हा तेच खोटं सांगितलं हेही सांगितलं.

भिकाने त्या स्पीकरच्या भिंतीकडे मान वळवली.

‘ती टेप माले माहीत व्हती,’ तो म्हणाला. ‘मी भरी, माले माहीत नही व्हणार? रिकामी व्हती म्हणालास, म्हणजे तुले आवडनी नही, असं समजनू मी. आवडनी नही ते तोंडवर सांगत नही, इतला चांगला माणूस, म्हणी गप बसनू. इतला साल.’

मी बशी पुन्हा उचलली, पुन्हा खाली ठेवली.

‘टेपमा कोणतं घर व्हतं ते माहीत शे का तुले?’

‘कोणतं?’

त्याने बोटाने जमीन दाखवली. ‘हाईच. आबा जाऊन पाच दिवस झाले व्हतात. लग्ननी सुपारी आधीच घेयेल, नवरीच्या बापाले नाही कसं म्हणणार? वरात याच गल्लीतून. मन्हा काकास्नी हात वर कया, मन्हाच दारसमोर. माय उंबरामा उभी. मी टेपरेकॉर्डर गळामा बांधेल व्हता, कोटना आत. आबानी चाल व्हती ती, तीच बठ्ठास्ना बोटेस्वर चालू व्हती. त्यांच्या घरावरून त्यांचं गाणं, आवाज न करता.’ मग शुद्ध मराठीत, फोनवर गिऱ्हाइकाशी बोलतो तसं, तो म्हणाला, ‘काका गेले. ते सगळेच गेले. माय पण.’

चहावर साय धरली होती. मला वाटतं मी उभा होतो, कारण त्याने मला पुन्हा ‘बस’ म्हटलं.

मी जे ठरवून आलो होतो ते घाईघाईने बोलून टाकलं. माझं वादन काढून टाकायला सांगतो. ती अर्धी बाजू कोरी राहील, तिच्यावर तुझं नाव राहील. लोकांना कळेल.

‘कोरी?’ भिका म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. ‘कोरी बाजू मन्हा नाववर? तू तवय पण रिकामी म्हणालास, आते पण रिकामीच म्हणतोस? मी गाणं वाजाडं व्हतं, तार. पहिलापासून शेवटपर्यंत. एक मात्रा चुकेल नही.’

‘मग काय करू?’

‘तुन्हं वर राहू दे. मन्हं खाले शे.’

‘खाली काही राहत नाही, भिका. पुसलं जातं. मीच पुसलं.’

‘माले नको सांगू काय राहतं,’ तो म्हणाला. ‘लाव त्या पोरीले फोन.’

मी तिथूनच ईशाला फोन लावला. ती कुठल्यातरी गर्दीत होती. मी म्हणालो, ड्रमरने भाग दिला होता, माझं वाक्य खोटं आहे, ते काढ. ती गर्दीतून बाजूला आली. मग म्हणाली, ‘काका, तुम्ही नीट विचार केलाय ना? कारण मग लोक तुमचंच वादन ऐकताना...’

‘हो,’ मी म्हणालो. ‘ऐकताना त्यांना ठाऊक असू दे.’

भिकाने फोन माझ्या हातातून घेतला. ‘पोरी, लिख. या गिटारीच्या खाली भिकाचं वादन आहे. चाल मास्तरांची. बस, इतलंच. रडं-बिडं घालू नको.’ मग जरा थांबून, ‘आणि मन्हा फोटो असेल तर तो लाल कोटवाला घाल.’

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, ‘मी ती कॅसेट कधी ऐकेल नही. शे का?’

ईशाने सगळं माझ्या फोनवर पाठवलेलं होतं. त्याने एक वायर शोधली, माझा फोन त्या माणसापेक्षा उंच स्पीकरला जोडला, आणि आवाज अगदी बारीक केला. ट्रक दुरुस्त करणाऱ्या दोघांना हाताने गप्प केलं. मी ‘डाऊन’ची दुसरी बाजू लावली.

तेव्हाची माझी बोटं किती घाईत होती. सगळं एकदम दाखवायची घाई. डायलचा आवाज फिरत परत येतो, त्यावर तार ओढत नेलेली, मग उगाचच वर चढलेली. मला उठून जावंसं वाटत होतं. भिका डोळे मिटून बसला होता. त्याच्या उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या लाकडी हातावर हलकं टिक टिक करत होतं. माझ्या गिटारीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी पुढे धावत होतो, मध्ये अडखळत होतो, आणि ते बोट आपल्या चालीने, न घाबरता, रस्त्यातून चाललं होतं.

गिटार संपली. ईशाने शेवटची खरखरही तशीच ठेवली होती, त्या मोठ्या स्पीकरमधून ती वाळूसारखी यायला लागली. फोन बंद करायला मी हात पुढे केला. भिकाने डोळे न उघडता डाव्या हाताने माझं मनगट धरलं. उजवं बोट चालूच होतं.

‘थांब,’ तो म्हणाला. ‘घर अजून मागे पडनं नही.’